एडिस्टनचे चार मनोरे आणि एक ग्रंथ

आपल्याकडे एखादे ज्येष्ठ अध्यापक किंवा समीक्षक निवर्तले की शोकसभेत एक शब्द हमखास उच्चारला जातो : 'दीपस्तंभ'. ते आमच्या पिढीचे दीपस्तंभ होते, असे वक्ता म्हणतो आणि श्रोते मान हलवतात. या रूपकामागे काही गोष्टी आपण न तपासता गृहीत धरलेल्या असतात. दीपस्तंभ अचल असतो, तो स्वयंभू असतो, तो कोणाकडून काही घेत नाही, फक्त प्रकाश देतो. रूपक वापरून वापरून गुळगुळीत झाले की मूळ वस्तू डोळ्यांआड होते, हे आपण वर्गात शिकवतो. पण 'दीपस्तंभ' या शब्दाच्या बाबतीत ते पडताळून पाहण्याची वेळ सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात एका खऱ्याखुऱ्या दीपगृहाचा इतिहास सांगण्याचा प्रयत्न केला आहे. हे दीपगृह एकदा समुद्राने नेले, एकदा आगीने खाल्ले, तिसऱ्यांदा खडक खालून झिजल्यामुळे उतरवावे लागले आणि चौथ्यांदा जे उभे राहिले ते आजही उभे आहे. त्याचे नाव एडिस्टन.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्लिमथ हे जुने बंदर आहे. तिथून सुमारे २२ किलोमीटर अंतरावर, कॉर्नवॉलच्या रेम हेड या भूशिरापासून साधारण १४ किलोमीटर दक्षिणेला, एडिस्टनचे खडक आहेत. लालसर छटेच्या, अत्यंत कठीण अशा नाइस जातीच्या दगडाचे हे खडक भरतीच्या वेळी जवळजवळ पूर्णपणे पाण्याखाली जातात. जवळपास दुसरी जमीन नाही. अटलांटिक महासागरातून येणारी लाट कोठेही न अडखळता थेट इथे येऊन आपटते. अमेरिकेहून किंवा भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या जहाजाला प्लिमथ गाठायचे तर या खडकांना टाळूनच यावे लागे. दिवसा, ओहोटीत, त्यांच्याभोवतीचा फेस तरी दिसतो. रात्री, भरतीच्या वेळी, काहीच दिसत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्लिमथजवळ इंग्लंडच्या आरमाराची नवी गोदी उभी राहू लागली आणि हा धोका केवळ व्यापाऱ्यांचा न राहता राज्याचाही झाला. तरीही चहूबाजूंनी खुला समुद्र असलेल्या अशा खडकावर मनोरा बांधता येईल, असे मानणारे फार थोडे होते.

विन्स्टन्लीचा मनोरा

असे मानणारा एक माणूस निघाला तो हेन्री विन्स्टन्ली. तो पेशाने स्थापत्यकार नव्हे. एसेक्स परगण्यातील लिटलबरी या गावचा हा रहिवासी चित्रकोरीव काम करी, नाना प्रकारची यांत्रिक खेळणी बनवी. त्याचे घर म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला चकित करणाऱ्या युक्त्यांचा खजिना होता. लंडनमध्ये त्याने पाण्याच्या कारंज्यांचे आणि कळसूत्रांचे खेळ लावले होते, त्यांना गर्दी होई. त्याने जहाजांत पैसा गुंतवला होता आणि त्यातली दोन जहाजे एडिस्टनवर फुटली, म्हणून तो या कामाला लागला असे सांगितले जाते.

१६९६ च्या उन्हाळ्यात काम सुरू झाले. वर्षातले जेमतेम चार-पाच महिने, त्यातही समुद्र शांत असेल ते दिवस, आणि त्या दिवसांतही ओहोटीचे काही तास, एवढाच काय तो कामाचा अवधी. पहिल्या हंगामात खडकाला बारा भोके पाडून त्यांत लोखंडी गज रोवणे इतकेच साधले. १६९७ मध्ये, इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध चालू असताना, एका फ्रेंच लढाऊ गलबताने विन्स्टन्लीला खडकावरून पकडून नेले. चौदाव्या लुईच्या कानी ही गोष्ट गेली तेव्हा त्याने त्याला सोडून देण्याची आज्ञा केली. आपले वैर इंग्लंडशी आहे, मानवजातीशी नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढल्याची आख्यायिका आहे. उद्गार खरे असोत वा नसोत, सुटका खरी आहे.

१४ नोव्हेंबर १६९८ रोजी एडिस्टनवर पहिल्यांदा मेणबत्त्या लागल्या. पहिल्याच हिवाळ्यात लाटा दिव्याच्या खोलीवरून जाऊ लागल्या, म्हणून १६९९ मध्ये विन्स्टन्लीने जुन्या मनोऱ्याभोवती नवे आवरण चढवले आणि उंची वाढवली. शिखरावरील वातदर्शकापर्यंत मोजली तर ती सुमारे १२० फूट भरे. त्याने स्वतः कोरून छापलेल्या चित्रात हा मनोरा पाहिला तर हसू आवरत नाही. सज्जे आहेत, नक्षीदार कठडे आहेत, बाहेर आलेले खांब आणि आकडे आहेत, भिंतींवर लेख आहेत. समुद्रात उभे राहायचे आहे याचे भान सुटून कोणी बागेतली हवेली बांधावी तसे ते दिसते. वाऱ्याला आणि पाण्याला धरायला जागोजागी मुठी करून दिल्या होत्या, असेच म्हणावे लागेल.

आपल्या बांधकामावर विन्स्टन्लीचा विश्वास मात्र पूर्ण होता. कधी नव्हे एवढे मोठे वादळ यावे आणि त्या वेळी आपण मनोऱ्यात असावे, अशी इच्छा तो बोलून दाखवी असे म्हणतात. १७०३ च्या नोव्हेंबरात डागडुजीसाठी तो खडकावर गेला. इंग्लंडच्या तत्कालीन पंचांगाप्रमाणे २६ नोव्हेंबरच्या रात्री, त्या देशाच्या इतिहासात 'महावादळ' म्हणून नोंदले गेलेले वादळ आले. सकाळी किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिले तेव्हा खडकावर काही वाकलेले गज होते. मनोरा नव्हता, त्यात असलेली माणसे नव्हती, विन्स्टन्ली नव्हता. पुढच्या काही दिवसांतच व्हर्जिनियाहून तंबाखू घेऊन येणारे 'विंचेल्सी' हे जहाज त्याच खडकांवर फुटले.

साहित्याच्या अभ्यासकांना या वादळाची दुसरी बाजूही ठाऊक असायला हवी. डॅनियल डिफो नुकताच तुरुंगातून सुटला होता. त्याने वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन ठिकठिकाणच्या प्रत्यक्षदर्शींकडून वादळाच्या हकिकती मागवल्या आणि १७०४ मध्ये 'द स्टॉर्म' हे पुस्तक प्रसिद्ध केले. एडिस्टनचा नाश त्यात नोंदला आहे. 'रॉबिन्सन क्रूसो' याला अजून १५ वर्षे अवकाश होता. घडलेली गोष्ट साक्षींच्या आधारे, तपशिलांनिशी सांगण्याची डिफोची जी रीत पुढे कादंबरीत कामी आली, तिच्या घडणीत या पुस्तकाचा वाटा आहे.

रेशमी कापडाचा व्यापारी आणि वितळलेले शिसे

दुसरा मनोरा बांधला जॉन रडयर्ड याने. हा लंडनमध्ये रेशमी कापडाचा व्यापार करी. खडक भाडेपट्ट्याने घेणाऱ्या कॅप्टन लव्हेटने त्याची निवड केली. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून मालाच्या टनावारी शुल्क घेण्याचा हक्क लव्हेटला मिळाला होता. दीपगृह हे परोपकाराचे काम होते तसे ते उत्पन्नाचे साधनही होते, हे आपल्या रूपकात कधी येत नाही.

रडयर्डला स्थापत्याचे शिक्षण नव्हते, पण विन्स्टन्लीचे काय चुकले हे त्याला कळले. त्याने वूलविचच्या गोदीतील दोन जहाजबांधणी करणारे कारागीर हाताशी घेतले आणि मनोरा जहाजासारखा बांधला. आकार गोल, वर निमुळता होत जाणारा. बाहेरून ओकच्या उभ्या फळ्या, त्यांच्या फटी जहाजाप्रमाणेच डांबर घालून बुजवलेल्या. आत तळाशी लाकूड आणि ग्रॅनाइट यांचे थरावर थर, जेणेकरून वजनाने मनोरा खडकावर बसून राहावा. नक्षी नाही, बाहेर आलेला एकही खांब नाही. लाटेला धरायला काही ठेवायचे नाही, हे या रचनेचे सूत्र होते. १७०८ मध्ये दिवा लागला, १७०९ मध्ये काम पुरे झाले आणि हा मनोरा सुमारे ४७ वर्षे समुद्राला पुरून उरला.

त्याचा शत्रू आतच होता. लाकडाचा मनोरा, त्यात डांबर, आणि शिरोभागी रात्रंदिवस काजळी धरणारी मेणबत्त्यांची खोली. २ डिसेंबर १७५५ च्या पहाटे छपराला आग लागली. त्या वेळी पहाऱ्यावर हेन्री हॉल हा रखवालदार होता. त्याचे वय ९४ वर्षे असल्याचे नोंदलेले आहे. तो बादलीने पाणी वर फेकून आग विझवू पाहत होता. छपराचे शिसे वितळून खाली आले आणि वर पाहणाऱ्या हॉलच्या उघड्या तोंडात गेले. आग वरून खाली येत गेली तशी माणसे खाली सरकत गेली आणि शेवटी खडकाच्या कपारीत बसून राहिली. किनाऱ्यावरून होडी आली तेव्हा त्यांची सुटका झाली.

आपल्या पोटात शिसे गेले आहे असे हॉल सांगत राहिला. कोणी विश्वास ठेवला नाही. बारा दिवसांनी तो मरण पावला. डॉक्टर एडवर्ड स्प्राय याने शवविच्छेदन केले तेव्हा जठरातून सात औंसांहून अधिक वजनाचा, म्हणजे २०० ग्रॅमच्या वर भरणारा शिशाचा गोळा निघाला. स्प्रायने रॉयल सोसायटीला कळवले. तिथल्या विद्वानांनाही शंका आली, तेव्हा आपला शब्द खरा करण्यासाठी त्याला प्राण्यांवर प्रयोग करावे लागले. तो गोळा आज एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दीपगृहांच्या इतिहासात बांधणाऱ्यांची नावे राहतात, दिवा सांभाळणाऱ्यांची सहसा राहत नाहीत. हॉलचे नाव राहिले, पण त्यासाठी त्याच्या पोटातून पुरावा निघावा लागला.

स्मीटन : ओकचे झाड आणि चुन्याचे गोळे

तिसऱ्या मनोऱ्यासाठी मालकांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे सल्ला मागितला आणि त्यांनी जॉन स्मीटनचे नाव सुचवले. लीड्सजवळच्या ऑस्टॉर्प येथे १७२४ मध्ये जन्मलेला स्मीटन तेव्हा केवळ ३१ वर्षांचा होता. शास्त्रीय उपकरणे तयार करणे हा त्याचा मूळ व्यवसाय. पुढे तो स्वतःला 'सिव्हिल इंजिनिअर' म्हणवू लागला आणि त्या पेशाच्या आद्य पुरुषांत त्याची गणना होते.

स्मीटनने प्रथम काय केले, तर आपल्या आधीच्या दोघांचे काम तपासले. विन्स्टन्लीची चित्रे पाहिली, रडयर्डच्या मनोऱ्याची जी माहिती आणि प्रतिकृती मिळाली ती अभ्यासली. रडयर्डचा गोल, गुळगुळीत, निमुळता आकार त्याने स्वीकारला, लाकूड नाकारले. पुन्हा लाकडाचाच मनोरा बांधावा असे म्हणणारे पुष्कळ होते, कारण लाकूड लवते आणि दगड फुटतो अशी समजूत होती. स्मीटनने संपूर्ण दगडी मनोरा सुचवला. मनोरा इतका जड आणि इतका एकसंध असावा की लाटेलाच माघार घ्यावी लागेल, हा त्याचा विचार.

आकारासाठी त्याने ओक वृक्षाचे उदाहरण घेतले. मोठे ओकचे झाड मुळाशी रुंद असते, तिथून वक्राकार आत येत वर जाते आणि वादळात सहसा उन्मळत नाही. त्याच्या मनोऱ्याचा पाया तसाच पसरट, वर बाक घेत अरुंद होणारा आहे. तळाशी व्यास २६ फूट, उंची सुमारे ७२ फूट.

दगड एकमेकांत कसे अडकवायचे हा दुसरा प्रश्न. सुतार लाकडाच्या पेटीचे कोपरे जोडताना एका फळीला पसरट शेपटीसारखा आकार देतो आणि दुसरीत तसाच खाचा करतो. एकदा बसले की ओढून निघत नाही. स्मीटनने ग्रॅनाइटचे आणि पोर्टलंड दगडाचे एक-दोन टनांचे ठोकळे याच रीतीने घडवले. बाहेरून कठीण ग्रॅनाइट, आत घडवायला सोपा पोर्टलंड. प्रत्येक थरातला दगड शेजारच्या दगडात अडकलेला. एक थर दुसऱ्यावरून सरकू नये म्हणून मध्ये संगमरवराचे ठोकळे बसवलेले. सर्वांत खालचे थर खडकालाच पायऱ्या कोरून त्यांत गुंतवलेले. प्रत्येक थर आधी किनाऱ्यावर मांडून पाहायचा, जुळला की पुन्हा सुटा करून होडीने न्यायचा, अशी पद्धत होती. मनोऱ्याचे सुमारे दीड हजार दगड असे गेले.

तिसरा प्रश्न चुन्याचा. साधा चुना हवेत सुकतो. पाण्यात तो वाळतच नाही. इथे तर काही तासांत भरती येणार. स्मीटनने निरनिराळ्या ठिकाणचा चुनखडक मागवला, प्रत्येकाचा चुना मळून लहान गोळे केले आणि पाण्यात टाकून पाहिले. शुद्ध, पांढराशुभ्र चुना उत्तम ही गवंड्यांची जुनी समजूत होती. स्मीटनला उलटे आढळले. ज्या चुनखडकात मातीचा अंश मिसळलेला असे, तोच चुना पाण्याखाली घट्ट होई. आम्लात विरघळवून मागे किती माती राहते हे पाहून त्याने याची खात्री केली. वेल्सच्या अबर्थॉ येथील अशा चुन्यात त्याने इटलीतून आलेली ज्वालामुखीची राख, म्हणजे रोमन लोक वापरत तोच पोझोलाना, समप्रमाणात मिसळला. पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्याचे कारण अशा रीतीने शोधणारा तो पहिला मानला जातो. १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने ज्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, त्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे महत्त्वाचे पाऊल. आज आपण ज्या सिमेंटच्या इमारतींत शिकवतो, त्यांचे एक मूळ प्लिमथमधल्या त्या ओल्या गोळ्यांत आहे.

कामावर कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींत काम केलेले मजूर होते. दोन तुकड्या पाळीपाळीने खडकावर जात. सात वर्षांचे युद्ध सुरू झाले होते आणि आरमारासाठी बंदरातून माणसे सक्तीने धरून नेली जात; म्हणून एडिस्टनच्या मजुरांना ओळखीचे बिल्ले देऊन त्यांतून सूट मिळवावी लागली. १२ जून १७५७ रोजी पहिला दगड बसला आणि १६ ऑक्टोबर १७५९ रोजी २४ मेणबत्त्या पेटल्या. एवढा प्रचंड खटाटोप केवळ २४ मेणबत्त्यांसाठी! तेलाचे दिवे आणि परावर्तक यायला १८१० साल उजाडावे लागले.

बांधण्यापेक्षा लिहिणे कठीण

स्मीटनने मनोरा तीन-चार हंगामांत बांधला. त्याविषयीचा ग्रंथ लिहायला मात्र त्याला तीन दशके लागली. एडिस्टनच्या बांधकामाचा सविस्तर वृत्तांत देणारा हा मोठ्या आकाराचा, नकाशे आणि आकृत्यांनी भरलेला ग्रंथ १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी स्मीटन वारला. बांधताना पडले त्याहून अधिक कष्ट लिहिताना पडले, अशी कबुली त्याने या ग्रंथात दिली आहे. आपल्यासारख्या लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींना ही कबुली विशेष जवळची वाटावी.

या ग्रंथाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. विन्स्टन्लीने आपल्या चित्राखाली कामाचा वर्षवार त्रोटक वृत्तांत दिला होता. रडयर्डने स्वतः लिहिलेला ग्रंथ नाही. त्याच्या रचनेविषयी आज जे कळते ते बरेचसे स्मीटनने जमवले म्हणून कळते. म्हणजे आपल्या पूर्वसूरींचे काम ग्रंथात बांधून ठेवणाराही स्मीटनच. कोणता चुना फसला, कोणत्या दिवशी समुद्राने दगड नेला, कोणता अंदाज चुकला, हे सारे त्याने लिहिले. यशाइतकीच अपयशाची नोंद असलेले हे लेखन आहे आणि म्हणूनच पुढच्यांना ते उपयोगी पडले.

पडले ते असे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ बेल रॉक नावाचा, रोज भरतीला बुडणारा खडक आहे. तिथे दीपगृह उभारताना रॉबर्ट स्टीव्हन्सनपुढे आदर्श होता तो स्मीटनच्या मनोऱ्याचा आणि ग्रंथाचा. १८११ मध्ये बेल रॉकचा दिवा लागला. १८२४ मध्ये स्टीव्हन्सननेही आपल्या बांधकामाचा असाच ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मुलगा अ‍ॅलन याने स्केरीव्होर येथे १८४४ मध्ये दिवा लावला आणि त्यावर १८४८ मध्ये ग्रंथ लिहिला. 'ट्रेझर आयलंड'चा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा या रॉबर्टचा नातू आणि अ‍ॅलनचा पुतण्या. त्यानेही आपल्या या अभियंता घराण्याचा इतिहास लिहायला घेतला होता. एका मनोऱ्यातून दुसरा मनोरा निघतो तो मध्ये ग्रंथ असल्यामुळे, हे या परंपरेवरून स्पष्ट दिसते.

यातला एक तपशील साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. अ‍ॅलन स्टीव्हन्सनने स्मीटनच्या ओक वृक्षाच्या उपमेवर आक्षेप घेतला. झाडावर वारा जोर करतो तो वरच्या फांद्यांवर. मनोऱ्यावर लाट आपटते ती तळाशी. झाड मुळांनी जमीन धरून राहते. मनोरा आपल्या वजनाने बसतो. दोहोंवर येणारे बळ वेगळे आणि टिकण्याची रीतही वेगळी. तेव्हा स्मीटनचा निष्कर्ष उपयुक्त ठरला तरी त्याची उपमा शास्त्रदृष्ट्या बरोबर नव्हती. उपमेने कल्पनेला वाट दाखवावी आणि पुढच्याने ती उपमा तपासून घ्यावी, असा हा व्यवहार आहे. त्यात स्मीटनचा अवमान नाही. त्याने आपली उपमा लिहून ठेवली नसती तर ती तपासताही आली नसती.

मनोरा टिकला, खडक झिजला

स्मीटनचा मनोरा १२० वर्षांहून अधिक काळ उभा राहिला. १७६२ च्या जानेवारीतल्या भीषण वादळातून तो निभावला आणि त्यानंतरच्या असंख्य वादळांतूनही. तो जगप्रसिद्ध झाला. १८६० पासून ब्रिटिश पेनीवर ब्रिटानियाच्या मागे दीपगृहाची आकृती दिसू लागली, ती एडिस्टनचीच समजली जाते. हर्मन मेलव्हिलने 'मोबी डिक'मध्ये नॅन्टुकेट बेटाचे एकाकीपण सांगताना एडिस्टनचा दाखला दिला. एडिस्टनच्या रखवालदाराने मत्स्यकन्येशी संसार केल्याचे विनोदी गाणे खलाशांच्या तोंडी बसले, आणि जीन इंगेलो या कवयित्रीने विन्स्टन्लीवर कविता लिहिली.

मग १८७० च्या दशकात एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. मोठ्या लाटेबरोबर मनोरा हादरत असे. तपासणीत मनोरा भक्कम आढळला. ज्या खडकावर तो उभा होता तो खडकच लाटांनी खालून पोखरला जात होता. माणसाने बांधलेले टिकले आणि निसर्गाने दिलेला पाया ढासळू लागला.

चौथा मनोरा जेम्स डग्लसने शेजारच्या खडकावर, जुन्यापासून सुमारे ४० मीटरवर बांधला. १८७९ मध्ये पायाभरणी झाली आणि १८ मे १८८२ रोजी दिवा लागला. उंची ४९ मीटर, म्हणजे स्मीटनच्या मनोऱ्याच्या दुपटीहून अधिक. डग्लसनेही आधीच्याचे घेतले आणि सोडले. दगडांचे गुंतलेले सांधे त्याने ठेवले, किंबहुना अधिक पक्के केले. पायथ्याचा ओकसारखा बाक मात्र सोडला, कारण त्या बाकावरून लाट घसरत थेट दिव्याच्या खोलीपर्यंत चढे. त्याऐवजी त्याने तळाशी ४४ फूट व्यासाचा उभ्या भिंतींचा भरीव चौथरा दिला. लाट तिथेच फुटते.

जुन्या मनोऱ्याचे पुढे जे झाले तेही पाहण्यासारखे आहे. प्लिमथच्या लोकांनी वर्गणी जमवून स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग दगडन् दगड उतरवून आणला आणि शहरातल्या हो या टेकाडावर नव्या जोत्यावर पुन्हा उभा केला. १८८४ पासून तो तिथे आहे. आत जिन्याने वर जाता येते. खालचा भरीव बुंधा मात्र समुद्रातच राहिला. आजही डग्लसच्या मनोऱ्याशेजारी तो दिसतो. छायाचित्रात दोन्ही एकत्र पाहिले म्हणजे एका भाषेतला जुना ग्रंथ आणि त्याच्यावर उभा राहिलेला नवा ग्रंथ शेजारी ठेवल्यासारखे वाटते.

१९८२ मध्ये, दिवा लागल्याला बरोबर १०० वर्षे होत असताना, एडिस्टन स्वयंचलित झाले. त्याआधी १९८० मध्ये दिव्याच्या खोलीवर हेलिकॉप्टर उतरण्यासाठी मंच बांधला गेला होता. १९९९ पासून दिवा सौरऊर्जेवर चालतो. दर १० सेकंदांनी दोनदा लकाकणाऱ्या त्या प्रकाशाखाली आता कोणी राहत नाही. हेन्री हॉलच्या पेशातला माणूस तिथे उरलेला नाही.

आता आपण सुरुवातीच्या शब्दाकडे वळू. कोणाला 'दीपस्तंभ' म्हणताना आपल्याला काय म्हणायचे असते? एडिस्टन पाहता, दीपस्तंभ स्वयंभू नसतो. विन्स्टन्लीने समुद्रात उभे राहता येते हे दाखवले आणि कसे उभे राहू नये हेही दाखवले. रडयर्डने आकार दिला, स्मीटनने दगड, चुना आणि ग्रंथ दिला, डग्लसने स्मीटनची चूक दुरुस्त केली. यांतला कोणीही आधीच्याचे जसेच्या तसे पुन्हा उभारणारा नव्हता आणि आधीच्याकडे पाठ फिरवून शून्यातून सुरुवात करणाराही नव्हता. परंपरा आणि नवता यांविषयी आपल्या समीक्षेत जी चर्चा वर्षानुवर्षे चालते, तिच्यात बहुधा दोन टोके भांडत असतात : एक जुन्याची पूजा करणारे, दुसरे जुने मोडीत काढणारे. आधीचा मनोरा का पडला हे नीट वाचणारा तिसरा माणूस त्या भांडणात क्वचित दिसतो.

आपल्या गुरुजनांची शोकसभा आपण मनोभावे करतो. त्यांच्या ग्रंथांची तपासणी तितक्या मनोभावे करत नाही. त्यांचे कोणते विवेचन अजून उभे आहे, कोणते काळाने नेले, कोणत्या ठिकाणी त्यांचा सिद्धान्त भक्कम असूनही खालचा खडक, म्हणजे समाज आणि भाषा, बदलून गेला, हे पाहण्याचे आपण टाळतो; ते पाहणे म्हणजे त्यांचा अनादर असे आपल्याला वाटते. विद्यार्थ्याने प्रबंधात एखाद्या मोठ्या नावाशी मतभेद नोंदवला तर मार्गदर्शकच ते वाक्य खोडायला सांगतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आणि खरे सांगायचे तर प्रस्तुत लेखकानेही एकदा ते केले आहे. ते वाक्य खोडायला नको होते, असे हा इतिहास वाचताना वाटत राहिले.

स्मीटनचा बुंधा समुद्रात आहे, त्याचा मनोरा टेकाडावर आहे, त्याचा ग्रंथ वाचनालयांत आहे आणि दिवा दुसऱ्याच मनोऱ्यात लागतो. त्या दिव्यासाठी डग्लसने स्मीटनचा ग्रंथ आणि त्यावरचे आक्षेप दोन्ही वाचावेत, यापेक्षा मोठा आदर स्मीटनला दुसरा कोणता मिळाला असता?